सहा गुणांची सवलत

हेमचंद्र देवस्थळी आयुष्यात एकही पैज हरले नव्हते, कारण त्यांनी कधी लावलीच नव्हती. कॅनडातल्या मार्कहॅमच्या एका विमा कंपनीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं एकाच कामात घालवली. कोणावर कोणतं संकट किती वेळा कोसळेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून हप्ता ठरवायचा. कोणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरेल, कोण ड्राइव्हवेवर घसरून कंबर मोडून घेईल, हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. झाडांची पानं हिरवी असतानाच त्यांच्या गाडीला विंटर टायर्स लागत. लग्नाआधी ते आनंदीबाईंना पाच वेळा भेटले, दर वेळी नवे प्रश्न विचारले, आणि शेवटी होकार देताना म्हणाले, "एकंदरीत बरं वाटतंय." आनंदीबाई हा किस्सा सांगत तेव्हा हेमचंद्र मान डोलवत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

साठीच्या जरा आधी कंपनीने त्यांना निवृत्त केलं. निरोप समारंभात मॅनेजर म्हणाला की हेमचंद्रमुळे कंपनी कधीच अडचणीत आली नाही. आनंदीबाई म्हणाल्या, "आम्हीही आलो नाही. पण मजाही आली नाही." हे त्या मराठीत म्हणाल्या, म्हणून समारंभ नीट पार पडला.

मग ते आमच्यात आले. आमच्यात म्हणजे ज्येष्ठांच्या मंडळात, जे दर गुरुवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत भरतं. आम्हा बहुतेकांना मुलांनी नातवंडं सांभाळायला बोलावून घेतलेलं. नातवंडं मोठी झाली. आता आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोन्ही बाजूंना अर्धं कळतं. गुरुवार सोडला तर आठवड्याला फारसा आकार नसतो. दुसरा एकच दिवस धरण्यासारखा होता, मंगळवार. त्या दिवशी सकाळी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमधून उत्तरेकडच्या कॅसिनोला बस जायची. बस फुकट, जेवणाचं कुपन फुकट, आणि आत हीटिंग उत्तम. मंडळातले निम्मे लोक मंगळवारी त्या बसमध्ये असत.

मुलांनी तक्रार केली. आमचं मंडळ ज्याचा भाग, त्या मोठ्या मराठी मंडळाचा अध्यक्ष संजय, चाळिशीतला, कायम घाईत असलेला आयटीवाला, सप्टेंबरच्या सुरुवातीला हेमचंद्रांकडे आला. "काका, तुम्ही एक टॉक द्या. नंबर्स तुमचा विषय आहे. जुगारात शेवटी आपण हरतोच, हे जरा सायंटिफिकली समजवा. आमचं कोणी ऐकत नाही."

हेमचंद्रांनी दोन आठवडे तयारी केली. पुढच्या गुरुवारी दिवे मालवून स्लाइड्स सुरू झाल्या. स्लॉट मशीन कसं बनवलेलं असतं, शंभरातून किती ठेवून घेतं, हे सगळं त्यांनी आलेखांसह दाखवलं. दिवे मालवलेले असल्यामुळे बऱ्याच जणांची सोय झाली. दिवे लागले तेव्हा दादासाहेब डोळे चोळत म्हणाले, "देवस्थळी, मशीन आपल्याला लुटतं हे मला आधीच ठाऊक आहे. मी पाटबंधारे खात्यात होतो."

दादासाहेब साताऱ्याचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुलगा जयदीप आणि सून रश्मी यांच्याकडे राहणारे. मंगळवारच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची.

"पण मला वेगळंच विचारायचंय," ते म्हणाले. "आमच्या जयदीपच्या ऑफिसात त्या अमेरिकन फुटबॉलवर पैजा चालतात. तिथे म्हणे डोकं लागतं. कालपासून टीझर, टीझर करतोय. हे टीझर काय प्रकरण आहे?"

हेमचंद्रांचा चेहरा उजळला. कंपनीत नव्या पोरांना शिकवताना ते हेच उदाहरण द्यायचे. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि पांढऱ्या फळ्याकडे वळले. पुढे जे काही झालं ते या वळण्यामुळे झालं.

"समजा, एक घोडेवाल्यांचा संघ आहे आणि एक अस्वलवाल्यांचा," ते म्हणाले. संघांची खरी नावं आम्हाला झेपणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. "घोडे बलाढ्य, अस्वलं लेचीपेची. जिंकणार कोण, यावर पैज घेतली तर सगळेच घोड्यांवर लावतील. म्हणून पैज घेणारा घोड्यांच्या पाठीवर ओझं टाकतो. साडेआठ गुणांचं. घोडे नऊ किंवा जास्त गुणांनी जिंकले तर तुम्ही जिंकलात. आठाने जिंकले, तर घोडे जिंकले आणि तुम्ही हरलात."

"हा अन्याय आहे," दादासाहेब म्हणाले.

"तसं वाटतं खरं. म्हणून मग तो प्रेमाने सांगतो की सहा गुण मी सोडतो. साडेआठचं ओझं अडीचवर आणतो. आता घोडे तीनने जिंकले तरी चालेल. याला म्हणायचं टीझर."

खोलीत समाधान पसरलं. कोणीतरी म्हणालं, मग हे चांगलंच आहे की.

"अट एकच," हेमचंद्र म्हणाले. "ही सवलत एका सामन्यावर मिळत नाही. दोन सामने एकत्र बांधायचे. दोन्हींत सहा सहा गुण घ्या, पण दोन्ही जमले पाहिजेत. एक हुकला की दुसरा जिंकूनही उपयोग नाही. आता सांगा, सवलत घेतल्यावर एक सामना शंभरात सत्तर वेळा जमतो असं धरू. दोन्ही किती वेळा जमतील?"

विजयालक्ष्मीबाई बेळगावच्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी हात वर न करताच उत्तर दिलं. "सत्तराचे सत्तर टक्के. एकोणपन्नास."

"एकोणपन्नास. निम्म्याला एक कमी. त्या एकावर कॅसिनोची सगळी झुंबरं लटकलीत. आणि तीन सामने बांधले तर चौतीस. प्रत्येक सामना तुम्हाला सुरक्षित वाटतो, आणि सुरक्षित वाटतो म्हणूनच तुम्ही हरता."

"टीझर म्हणजे चिडवणारा," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "नावातच सांगितलंय की हो त्याने. आपण ऐकत नाही, त्याला तो काय करणार?"

त्या दुपारी पाऊण तास कोणी वॉशरूमला उठलं नाही. आमच्या मंडळात हे पहिल्यांदाच झालं. हेमचंद्रांना वाटलं, पटलं सगळ्यांना. पटलं होतंच. पण चहा पिताना दादासाहेब म्हणाले, "फळ्यावर सगळंच पटतं. एकदा करून बघायला पाहिजे."

आणि हेमचंद्र, ज्यांनी उभ्या जन्मात जोखीम घेतली नव्हती, हो म्हणाले. त्यांच्या मते यात जोखीम नव्हतीच. पैसे लावायचे नाहीत. लावायची ती चहानंतरच्या कामाची पाळी. कप विसळणं, खुर्च्या घड्या करणं, कचरा बाहेर नेणं. पैज घेणारे ते स्वतः. गुरुवारी प्रत्येकाने दोन संघ निवडायचे, रविवारी सामने, पुढच्या गुरुवारी निकाल. जो जिंकेल त्याची पाळी हेमचंद्र करतील, जो हरेल त्याने जादा पाळी करायची. "कॅसिनो याच्यावर आणखी थोडं कापून घेतो," ते म्हणाले. "मी घेणार नाही. ओळखीचे आहात. डिसेंबरपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल."

पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळेच जिंकले.

दुसऱ्यातही तेच. विजयालक्ष्मीबाई संघ निवडायच्या ते प्राण्यावरून. पक्ष्यांवर त्यांचा भरवसा होता, मांजराच्या जातीवर नव्हता. हेमचंद्र म्हणाले की याला काही आधार नाही. बाई म्हणाल्या, "असू दे की. तो मोठा कप नीट घासा. तळाला साय राहिलीय."

हेमचंद्र बाह्या वर करून सिंकपाशी उभे राहत आणि कप विसळता विसळता समजावत की हा नमुना फार लहान आहे, यावरून निष्कर्ष काढता येत नाही. आनंदीबाई खुर्ची ओढून जवळ बसत. त्यांचा नवरा एवढी भांडी घासताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. "होऊ दे नमुना मोठा," त्या म्हणायच्या.

दरम्यान एक गोष्ट झाली, जिच्याकडे हेमचंद्रांचं लक्ष गेलं नाही. रविवार दुपारी घराघरांतले आजीआजोबा टीव्हीपुढे मुलांशेजारी बसायला लागले. दादासाहेबांची नात कृतिका, जी एरवी त्यांना हाय आणि बाय एवढंच म्हणायची, एका रविवारी धावत त्यांच्या खोलीत आली. "आबा, कम फास्ट, घोडे आर अप बाय फाइव्ह." आबा गेले. लंडनला शिकणारी देवस्थळींची मुलगी ऊर्मी फोनवर आईला म्हणाली, "इज इट ट्रू डॅड इज अ बुकी? दॅट्स सो कूल." आईने हे बाबांना सांगितलं नाही.

मंगळवारची बस रिकामी जाऊ लागली. आठवड्यात दोनच दिवस उरले, गुरुवार आणि रविवार, आणि दोन्ही देवस्थळींचे. संजयने खूश होऊन मेसेज पाठवला, त्यात तीन वेळा अमेझिंग लिहिलं होतं.

दिवाळी झाली, हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली, आणि गणित जागं झालं.

आधी पक्ष्यांनी दगा दिला. मग एक सामना जमायचा आणि दुसरा हुकायचा, असं जवळजवळ सगळ्यांचंच होऊ लागलं. हेमचंद्रांनी सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. जादा पाळ्या साठत गेल्या. एका सिंकपाशी पाच पाच जण उभे राहू लागले, एक कप तिघांच्या हातून जाऊ लागला. कम्युनिटी सेंटरच्या मॅनेजरबाईंनी नोटीस बोर्डावर लिहिलं की ही खोली इतकी स्वच्छ कोणीच ठेवत नाही. कामं संपली, पण पैजा थांबल्या नाहीत. मग पाळीच्या जागी चिवडा आला, चिवड्याच्या जागी नारळाच्या वड्या. हेमचंद्रांना मधुमेहाची सुरुवात होती, ते वड्या खात नसत. पण नियम म्हणून घरी न्यायचे आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे.

त्यांनी चिडवलं असतं तर लोकांनी सोसलं असतं. ते समजावत असत. दर गुरुवारी निकाल सांगून झाला की ते मायेने म्हणायचे, "बघा, एकोणपन्नास." विजयालक्ष्मीबाईंनी एकदा विचारलं, "देवस्थळी, तुम्ही जिंकल्यावर नुसते हसत का नाही हो?" ते म्हणाले, "मी जिंकत नाहीये. नियम सिद्ध होतोय." त्यानंतर त्यांच्याशेजारची खुर्ची बहुधा मोकळी असायची. ते त्यावर कोट ठेवायचे आणि सोय झाली असं समजायचे.

हरणाऱ्यांत दादासाहेब सर्वांत पुढे होते. त्यांचं म्हणणं होतं की धरणाचा दरवाजा एकदा अडकला की दुसऱ्यांदा जोर लावायचा असतो. जानेवारीत बाद फेरीचे सामने आले, तेव्हा त्यांनी तीन सामने एकत्र बांधायचं ठरवलं. मागचं सगळं एकदम भरून निघणार होतं. हेमचंद्रांनी पुन्हा फळ्यावर चौतीस लिहून दाखवले. दादासाहेब म्हणाले, "लिहा हो. तुमचं काम लिहिणं." तीन सामन्यांना तोलामोलाचं काहीतरी लावायला हवं होतं आणि संक्रांत आठवड्यावर आली होती. दादासाहेब म्हणाले, "गूळपोळ्या. साठ."

"घरी करणार कोण?" आनंदीबाईंनी विचारलं.

"रश्मी करते उत्तम."

विजयालक्ष्मीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "दादासाहेब, हा डाव आधी एकदा होऊन गेलाय. सुनेला विचारलंत का?"

"पोळ्याच तर आहेत," दादासाहेब म्हणाले.

हेमचंद्रांना यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. पैज लावणाऱ्याकडे लावलेली वस्तू असते, असं त्यांनी गृहीत धरलं. विम्यातला मुरलेला माणूस, पण कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, हे विचारायला त्या दिवशी विसरला.

शनिवारचा पहिला सामना जमला. दुसराही जमला. रविवारी दादासाहेब जेवणानंतर झोपले नाहीत. तिसऱ्यात त्यांचे घोडे होते, साडेआठचं ओझं अडीचवर आणलेलं. घोडे सुरुवातीपासून पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांनी एकेक करून अंतर कापत आणलं, आणि सामना संपला तेव्हा घोडे दोन गुणांनी जिंकले. कृतिका सोफ्यावर उभी राहून नाचू लागली. आबा शेजारी अगदी गप्प बसलेले पाहून तिने विचारलं, "आबा, वी वन. व्हाय आर यू सॅड?"

आबांना तिला अडीच आणि दोनमधला फरक समजावून सांगावा लागला. ते समजावताना साठ गूळपोळ्यांचा उल्लेख आला. रश्मी स्वयंपाकघरात डबे भरत होती, तिथे तो ऐकू गेला.

रश्मी एका टेक कंपनीत एचआर मॅनेजर होती. आवाज न चढवता बोलायचं तिचं प्रशिक्षण झालेलं होतं. पुढच्या गुरुवारी तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि मंडळात आली. बूट दाराशी काढले, कोट खुंटीला लावला आणि सरळ हेमचंद्रांसमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही मला जिंकलंत असं ऐकलं."



"तुला नाही," हेमचंद्र म्हणाले. "पोळ्या. साठ."

"त्या माझ्या हातून होतात ना? गूळ मी किसायचा, तीळ मी भाजायचे, सुट्टी मी टाकायची. मग हरलं कोण?"

हेमचंद्रांनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेब खिडकीबाहेर पार्किंग लॉटमध्ये बर्फ सारणारा स्नो प्लाउ कसा चाललाय ते बघत होते.

"त्यांनी तुला विचारलं असेल असं मी धरून चाललो," हेमचंद्र म्हणाले.

"तुम्ही एवढे अंदाज बांधता, काका. हा एक चुकला." तिने पिशवीतून ग्रोसरीतल्या गूळपोळ्यांची पाकिटं काढली आणि एकावर एक टेबलावर मांडली. "घ्या. साठ भरतील. नसतील तर उरलेल्या बाबा लाटतील."

ती गेल्यावर पाकिटांकडे बराच वेळ कोणी हात नेला नाही. शेवटी विजयालक्ष्मीबाईंनी एक फोडलं, एक पोळी मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "बऱ्या आहेत. जरा कडक." मग सगळ्यांनी खाल्ल्या. हेमचंद्रांनीही एक खाल्ली, मधुमेह असून. आनंदीबाईंनी ते पाहिलं.

रविवारी संजयने बैठक बोलावली. कमिटीच्या पाच जणांपुढे हेमचंद्र इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सिटीच्या जागेत जुगार चालवला, ज्येष्ठांना नादाला लावलं, घरात भांडणं लावली, असे मुद्दे निघाले.

"काका, तुम्हाला जुगार थांबवायला सांगितला होता," संजय म्हणाला.

"थांबला," हेमचंद्र म्हणाले. "ऑक्टोबरपासून मंगळवारची बस आपल्या लोकांशिवाय जाते आहे. कोणाचा एक डॉलर गेलेला नाही. शेवटी आपण हरतो, हे सगळ्यांना अनुभवाने कळलंय. तू जे मागितलंस ते सगळं झालं आहे."

ते खरंच होतं. कमिटीला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून त्यांनी एकमताने ठराव केला. खेळ बंद. पुढचं टॉक योगासनांवर.

त्याच्या पुढच्या मंगळवारी बस भरली. दादासाहेबांना त्यांची सीट परत मिळाली. त्यांना सोडायला पार्किंग लॉटमध्ये खुद्द रश्मी आली होती. तिने आमच्यादेखत जयदीपला फोनवर सांगितलं, "जाऊ दे रे बाबांना. मशीन निदान गूळपोळ्या तरी मागत नाही."

हेमचंद्रांना हे फेब्रुवारीच्या अखेरीस कळलं, तेव्हा ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग त्यांनी दादासाहेबांना फोन केला. भांडायला नव्हे, कारण विचारायला. "तिथे तुम्ही जास्त हरता," ते म्हणाले. "मी आकडे दाखवू शकतो. तरी का जाता?"

दादासाहेबांनी विचार करून उत्तर दिलं. "देवस्थळी, तिथे हरलो की मशीन वाजतं, दिवे लागतात आणि गप्प बसतं. समजावून सांगत नाही."

हे वाक्य हेमचंद्रांनी आनंदीबाईंना जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "याचा अर्थ काय?" आनंदीबाई म्हणाल्या, "मी पण येत्या मंगळवारी जाणार आहे. येता?"

ते गेले. मार्च लागला होता, शेतांत बर्फाचे पट्टे उरले होते. बसमध्ये चकल्या फिरत होत्या, मागच्या सीटवर गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या, आणि ज्या माणसांना मंडळात बोलतं करावं लागायचं ती न विचारता बोलत होती. विजयालक्ष्मीबाई आपल्या मुलीच्या घटस्फोटाबद्दल आनंदीबाईंना सांगत होत्या. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. हेमचंद्र खिडकीशी बसून ऐकत राहिले.

कॅसिनोत गेल्यावर त्यांनी काही लावलं नाही. कॉफी घेऊन ते रांगांमधून फिरले, जेवणाचं कुपन वापरलं, सूप आळणी आहे म्हणाले. दुपारी विजयालक्ष्मीबाई एका मशीनसमोर बसल्या होत्या. त्यावर पोपटांची चित्रं होती. त्यांनी हेमचंद्रांना हाक मारली.

"देवस्थळी, तुम्हाला ठाऊक असेल. हे आतून चालतं कसं हो? हा लाल पोपट आता येईल का?"

कोणता पोपट शंभरात किती वेळा येतो, हे हेमचंद्रांनी सप्टेंबरात स्लाइडवर दाखवलं होतं. ते बाईंच्या मागे उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "दाबून बघा."

बाईंनी सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.